मिकीला लागत नाही, ॲटमला लागतं

१९३५ साली बेटी बूप जपानला गेली. अर्थात कार्टूनमध्येच. न्यूयॉर्कमधला कार्यक्रम आटोपून ती विमानात बसते, थेट जपानला उतरते, किमोनो घालून रंगमंचावर उभी राहते आणि आधी इंग्रजीत, मग चक्क जपानीत गाते. फ्लायशर स्टुडिओने हे छोटं कार्टून बनवलं ते तिच्या जपानी चाहत्यांना डोळ्यांसमोर ठेवून. एका अमेरिकन स्टुडिओला खास त्यांच्यासाठी गाणं रचावंसं वाटलं, यावरून जपानमध्ये बेटीचे किती चाहते असतील याचा अंदाज येतो. पर्ल हार्बर तेव्हा सहा वर्षांवर होतं.

मांगाबद्दल, म्हणजे जपानी कॉमिक्सबद्दल, बोलताना विसाव्या शतकातली ही पहिली चाळीस वर्षं बहुतेक वेळा गाळली जातात. गोष्ट सरळ युद्धानंतर सुरू होते: ओसामु तेझुका नावाच्या मुलाने डिस्नेचे सिनेमे पाहिले, मोठ्या डोळ्यांची पात्रं काढली आणि मांगा जन्माला आला. सांगायला सोपी आहे, पण अर्धीच खरी आहे.

डोळ्यांचंच घ्या. मिकी, बेटी आणि बॅम्बी यांचे टपोरे डोळे तेझुकांनी मन लावून पाहिले होते, यात शंका नाही. पण १९३०च्या दशकात जपानी मुलींच्या मासिकांत जुन्इची नाकाहारा हे चित्रकार स्वप्नाळू, अर्धा चेहरा व्यापणाऱ्या डोळ्यांच्या मुली काढत होते आणि त्या मासिकांवर मुलींच्या उड्या पडत होत्या. शिवाय तेझुका वाढले ते ताकाराझुका गावात. तिथल्या प्रसिद्ध संगीत-नाट्यमंडळीत सगळ्या भूमिका स्त्रियाच करतात आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही डोळे दिसावेत असा भडक मेकअप असतो. आईबरोबर लहानगा ओसामु ते प्रयोग बघायला जायचा. तेव्हा मांगाच्या डोळ्यांचं माहेर एकाच घरात शोधण्यात अर्थ नाही. डोळ्यांचा विषय मी इथेच सोडतो, कारण मांगाने अमेरिकेकडून केलेल्या उसनवारीतली मोठी रक्कम वेगळ्याच खात्यावर आहे.

पहिली रक्कम म्हणजे संवादाचा फुगा. पात्राच्या तोंडातून निघालेला पांढरा गोळा आणि त्यात त्याचं बोलणं, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की ते कुणीतरी शोधून काढलं असेल असं वाटतच नाही. चित्रांतून गोष्ट सांगण्याची परंपरा जपानमध्ये जुनी आहे, पण तिथे मजकूर बहुतेक वेळा चित्राच्या बाजूला किंवा खाली असायचा. निवेदक सांगणार, चित्र दाखवणार. फुगा आला की निवेदक उठून जातो. पात्र स्वतः बोलतं, समोरचं पात्र उत्तर देतं, आणि त्या एका चौकटीत दोन-चार सेकंदांचा काळ जातो. गोठलेलं चित्र ऐकू येऊ लागतं. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात रिचर्ड आउटकॉल्टचा ‘यलो किड’ आधी आपल्या पिवळ्या अंगरख्यावर छापलेल्या शब्दांतून बोलायचा. २५ ऑक्टोबर १८९६च्या चित्रपट्टीत तो फोनोग्राफशी बोलताना दिसतो, आणि तिथे हे फुगे कामाला लागतात. आवाज साठवणारं यंत्र आणि आवाज छापणारं चित्र जवळजवळ एकाच काळात लोकांसमोर यावं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

जपानमध्ये हा वारा आणणारे पहिले मोठे गृहस्थ रकुतेन किताझावा. त्यांनी योकोहामाच्या एका इंग्रजी साप्ताहिकात फ्रँक नॅन्किव्हेल या ऑस्ट्रेलियन व्यंगचित्रकाराबरोबर काम केलं होतं. (हा नॅन्किव्हेल पुढे अमेरिकेत जाऊन ‘पक’ या विनोदी साप्ताहिकात चित्रं काढू लागला.) १९०२पासून किताझावा ‘जिजी शिम्पो’ या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावर अमेरिकन धाटणीच्या चित्रपट्ट्या काढू लागले आणि १९०५ मध्ये त्यांनी ‘टोकियो पक’ हे मासिक सुरू केलं. नावच सांगतं की पाहुणा कुठून आला होता. ‘मांगा’ हा शब्द जुना आहे, होकुसाई या जुन्या जपानी चित्रकाराच्याही आधीचा, पण त्याला आजचा अर्थ मिळाला तो मोठ्या प्रमाणात किताझावांच्या हातून.

तरीही फुगा खऱ्या अर्थाने रुजला तो १९२३नंतर. त्या वर्षी ‘असाही ग्राफ’ने जॉर्ज मॅकमॅनस यांची ‘ब्रिंगिंग अप फादर’ ही चित्रपट्टी जपानीत छापायला सुरुवात केली. जिग्ज हा गवंडीकाम करणारा आयरिश माणूस रातोरात श्रीमंत होतो. बायकोला आता उच्चभ्रू समाजात मिरवायचं असतं, आणि नवऱ्याला जुन्या मित्रांबरोबर बसून कोबी नि खारवलेलं मांस खायचं असतं. पकडला गेला की बायकोचं लाटणं डोक्यात बसतं. विनोद कळायला अमेरिका माहीत असायची गरज नाही, लाटणं सगळीकडे सारखंच लागतं. त्याच वर्षी १ सप्टेंबरला कांतोचा महाभूकंप झाला आणि टोकियो-योकोहामा जमीनदोस्त झाले. पाठोपाठ ‘होची’ वर्तमानपत्रात युताका आसो यांची ‘नोन्की ना तोसान’, म्हणजे निवांत बाबांची चित्रपट्टी आली. मांडणी सरळ जिग्जकडून घेतलेली: चौकटी, फुगे, घरगुती फजिती. पण जिग्ज पैसा आला म्हणून अडचणीत येतो, आणि निवांत बाबा नोकरी नाही म्हणून. भूकंपानंतरच्या टोकियोत कुठला बाप लोकांना आपला वाटला असेल, हे सांगायला नको. नक्कल करायलाही अक्कल लागते, ती इथे दिसते.

आता दुसरी रक्कम, आणि माझ्या मते खरी मोठी: शरीर.

सुरुवातीच्या अमेरिकन कार्टूनमधली पात्रं अशी का दिसतात, याचं उत्तर कलेपेक्षा मजुरीत जास्त आहे. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. एकच चित्र दोन-दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला बारा चित्रं लागतात. सात मिनिटांच्या कार्टूनचा हिशेब तुम्हीच करा. मग जे पटकन काढता येईल तेच टिकतं. वर्तुळ पटकन काढता येतं आणि कुठल्याही बाजूने सारखं दिसतं, म्हणून मिकीचं डोकं वर्तुळ, कान वर्तुळ, पोट वर्तुळ. कोपर आणि गुडघा नीट काढायला वेळ जातो, म्हणून हातपाय रबरी नळीसारखे. बोटं चारच, कारण पाचवं प्रत्येक चित्रात काढावं लागलं असतं. फीलिक्स मांजर काळंकुट्ट, कारण सगळं अंग काळ्या शाईने भरून टाकलं की आतल्या बारीक रेषांची कटकट नाही.

या काटकसरीतून आपोआप एक तत्त्वज्ञान तयार झालं. हाडं नसलेलं शरीर मोडत नाही. मिकी कड्यावरून पडतो, चपटा होतो, झटकून उठतो. फीलिक्स आपली शेपटी काढून तिची काठी करतो आणि पुन्हा चिकटवतो. कुणी म्हातारं होत नाही, कुणाला जखम होत नाही, पुढच्या आठवड्यात सगळे जागच्या जागी. आपल्याकडे लोककथेतला राक्षस असा असतो, पण त्याचा जीव निदान सात समुद्रांपलीकडच्या पोपटात तरी असतो. मिकीचा जीव कुठेच नसतो, म्हणून तो जातही नाही.

१९३०च्या दशकातल्या जपानमध्ये हे शरीर सगळीकडे होतं. खेळण्यांवर, स्वस्त पुस्तकांत, परवानगीच्या भानगडीत न पडता छापलेल्या मिकीकथांत. सुईहो तागावांचा ‘नोराकुरो’ १९३१ मध्ये ‘शोनेन क्लब’ मासिकात अवतरला: अनाथ, भटका, काळा कुत्रा, पांढरे पंजे, कुत्र्यांच्या सैन्यात भरती झालेला. फीलिक्सचा हा चुलतभाऊ आहे हे पहिल्या नजरेत कळतं. फरक असा की नोराकुरोला बढती मिळते. शिपायापासून तो एकेक पायरी चढत जातो, म्हणजे त्याच्या आयुष्यात वर्षं जातात. ही छोटी गोष्ट लक्षात ठेवा. लष्कराच्या नाराजीमुळे १९४१ मध्ये ही मालिका बंद पडली. कुत्रा सैनिक दाखवणं अधिकाऱ्यांना सन्मानाचं वाटलं नसावं.

दरम्यान प्रेमाचं रूपांतर संशयात होत होतं. १९३४च्या एका जपानी छोट्या कार्टूनमध्ये खेळण्यांच्या शांत बेटावर मिकीसारखा दिसणारा दुष्ट उंदीर वटवाघळावर बसून चाल करून येतो, आणि पुस्तकातून बाहेर आलेला मोमोतारो व इतर जपानी लोककथांतले वीर त्याला पिटाळून लावतात. गंमत म्हणजे हे अमेरिकाविरोधी कार्टून काढलंय मात्र नखशिखान्त अमेरिकन पद्धतीने, रबरी हातापायांसकट.

आता तेझुका. जन्म ३ नोव्हेंबर १९२८. मिकीला जगासमोर आणणारं ‘स्टीमबोट विली’ न्यूयॉर्कमध्ये झळकलं १८ नोव्हेंबर १९२८ला. पंधरा दिवसांनी धाकटा मिकी आणि तेझुका अक्षरशः बरोबरीने वाढले. वडिलांकडे घरी पाथे-बेबी नावाचा छोटा फ्रेंच प्रोजेक्टर होता. त्यावर चॅप्लिन आणि मिकी घरच्या भिंतीवर नाचायचे. दहा वर्षांचा मुलगा घरच्या घरी मिकी पुन्हा पुन्हा बघतो आणि वहीत गिरवतो. त्या काळी ही चैन किती घरांत असेल?

युद्ध आलं. अमेरिकन चित्रपट बंद झाले. विद्यार्थी तेझुकाला ओसाकाच्या शस्त्रास्त्र कारखान्यात कामाला लावलं गेलं. जून १९४५ मध्ये ओसाकावर बॉम्ब पडले तेव्हा तो तिथे टेहळणीच्या मनोऱ्यावर होता, आणि वाचला. खाली काय पाहिलं ते त्याने पुढे आयुष्यभर वेगवेगळ्या गोष्टींत काढलं. त्याच वर्षी त्याने ‘विजयाच्या दिवसापर्यंत’ अशा अर्थाच्या नावाची एक मांगा स्वतःपुरती काढली होती. ती तेव्हा छापली गेली नाही. तिच्यात अमेरिकन कार्टूनमधली मंडळी शत्रू म्हणून येतात, मिकीसुद्धा. आणि विमानातून झाडलेल्या गोळ्या एका गोलमटोल, कार्टूनी मुलाला लागतात. तो चपटा होऊन उठत नाही. त्याच्या छातीतून रक्त येतं.

एइजी ओत्सुका या समीक्षकाने या चौकटीवर बोट ठेवलं, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. मिकीच्या पद्धतीने काढलेलं, वर्तुळांचं, हाडं नसलेलं शरीर इथे मरू शकतं. इतरांनी अमेरिकेकडून रेषा घेतली. सोळा वर्षांच्या या मुलाने तीच रेषा घेतली आणि तिच्या आत मांस भरलं. मोठ्या डोळ्यांपेक्षा मांगाची सुरुवात मला इथे दिसते.

युद्ध संपलं आणि अमेरिका आता स्वतःच जपानमध्ये येऊन बसली. तिच्या मागोमाग तिची कॉमिक्सही आली. १९४७ मध्ये तेझुकांचं ‘शिन ताकाराजिमा’ (नवं खजिन्याचं बेट) निघालं. कथा शिचिमा साकाई यांची होती, प्रकाशन ओसाकाच्या लाल कव्हरांच्या स्वस्त बाजारातलं. सुमारे ४ लाख प्रती खपल्या असं सांगितलं जातं. सुरुवातीलाच एक मुलगा मोटार भरधाव बंदराकडे नेतो. पानांमागून पानं, मोटार जवळ येते, दूर जाते, बाजूने दिसते. पुढे डोरेमॉन घडवणाऱ्या फुजिको फुजिओ या जोडीला हे वाचताना कागदावर सिनेमा चाललाय असं वाटलं होतं. ॲनिमेशनला स्टुडिओ लागतो, फिल्म लागते, माणसं लागतात. भुकेकंगाल ओसाकात यातलं काहीच नव्हतं, कागद आणि शाई तेवढी होती. मग सिनेमा कागदावर. रायन होल्मबर्ग या अभ्यासकाने दाखवून दिलंय की या पुस्तकामागे सिनेमाच नव्हे, तर मिकी आणि डोनाल्ड डक यांची छापील कॉमिक्सही आहेत. म्हणजे तेझुका डिस्ने पडद्यावर बघत होते तसे पानावरही वाचत होते.

ही उसनवारी त्यांनी लपवली असती तर एक वेळ समजण्यासारखं होतं. पण १९४९च्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये विकृत होऊन माणसाएवढे झालेले उंदीर येतात. हुबेहूब मिकी. आणि त्यांचं शास्त्रीय नाव काय? ‘मिकिमाउस वॉल्टडिस्नेउस’. देणेकऱ्याने सावकाराचं नाव घराच्या पाटीवर लिहावं असा हा प्रकार.

थोडं विषयांतर, पण मोहाचं आहे. युद्धानंतरच्या जपानवर मोहिनी घालणारं अमेरिकन कॉमिक फक्त डिस्नेचं नव्हतं. १९४९ ते १९५१ ‘असाही’ वर्तमानपत्रात ‘ब्लाँडी’ छापली जायची. वाचक विनोदापेक्षा पार्श्वभूमी बघायचे: फ्रिज, व्हॅक्यूम क्लीनर, आणि नवरा रात्री उठून बनवतो ती भलीमोठी सँडविचं. रेशनवर जगणाऱ्या देशाला ही परीकथाच होती. एप्रिल १९५१ मध्ये सकाळच्या अंकातली तिची जागा घेतली माचिको हासेगावांच्या ‘साझाए-सान’ने. पुन्हा रोजच्या चार चौकटी आणि पुन्हा घर, पण इथे तीन पिढ्या एका छपराखाली आणि तांदूळ जपून वापरायचा. हासेगावा तागावांच्या शिष्या, म्हणजे नोराकुरोच्या घराण्यातल्या. साझाए १९७४पर्यंत वर्तमानपत्रात चालली आणि टीव्हीवर १९६९पासून आजही चालू आहे. ब्लाँडीने दाखवलेल्या वाटेवर साझाए इतकी दूर गेली की वाट कुणाची होती हे जपानमध्येही फारसं कुणाला आठवत नाही.

तेझुकांकडे परत. १९५२ मध्ये ‘शोनेन’ मासिकात ‘तेत्सुवान ॲटम’ सुरू झाला, आपल्याकडे ‘ॲस्ट्रो बॉय’ म्हणून ओळखला जाणारा छोटा रोबो. उंदीर होऊन सुपरमॅनची नक्कल करणाऱ्या मायटी माउसवरून तो सुचला असं तेझुकांनीच सांगितलं आहे. म्हणजे अमेरिकनांनी केलेल्या विडंबनाचं पुन्हा जपानी रूप. ॲटमच्या डोक्यावर केसांची दोन शिंगं आहेत. त्याला समोरून बघा, बाजूने बघा, तीन-चतुर्थांश वळलेला बघा, दोन्ही शिंगं दिसतातच. खऱ्या डोक्यावर हे शक्य नाही. मिकीच्या कानांचंही असंच आहे.

पण गोष्ट काय आहे? डॉक्टर तेन्मा यांचा मुलगा अपघातात मरतो. दुःखाने वेडापिसा झालेला बाप हुबेहूब त्याच्यासारखा रोबो बनवतो, काही दिवस त्याला छातीशी धरतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं: हा वाढत नाही. उंची तीच, चेहरा तोच. बाप चिडतो आणि त्याला सर्कशीला विकून टाकतो.

मिकी वाढत नाही याचा कधी कुणाला राग आला आहे? कार्टूनचा तो नियमच आहे, आपण तो न बोलता मान्य केलेला असतो. तेझुकांनी तो नियम उचलला आणि कथेच्या मधोमध जखम म्हणून ठेवला. ॲटमचं शरीर अमेरिकन आहे. त्या शरीराचं दुःख मात्र अमेरिकन कार्टूनला कधी सुचलं नव्हतं.

१ जानेवारी १९६३ला ॲटम टीव्हीवर आला. दर आठवड्याला अर्धा तास भरायचा तर डिस्नेची पद्धत परवडणारच नव्हती. मग सेकंदाला आठच चित्रं, हललं तर फक्त तोंड, एकदा काढलेली उड्डाणं पुन्हा पुन्हा. ही काटकसरसुद्धा हॅना-बार्बेरासारख्या अमेरिकन मंडळींनी आधी टीव्हीसाठी केलेली होती. त्याच वर्षी ॲटम अमेरिकेच्या टीव्हीवर पोचला. वाटेवर आता दोन्हीकडून रहदारी सुरू झाली. आपल्यापैकी ज्यांनी रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘डक टेल्स’ आणि ‘मोगली’ पाहिलं, त्यांना आठवत असेल की एक अमेरिकन आणि दुसरी जपानी मालिका होती. ‘डक टेल्स’चे बरेचसे भाग टोकियोच्या टीएमएस स्टुडिओने काढले होते. आम्हाला तेव्हा काय पत्ता.

‘पण बॅम्बीची आई मरते की,’ असं कुणी म्हणेल. मरते. तेझुकांनी तो सिनेमा ऐंशीहून अधिक वेळा पाहिला असं ते सांगत आणि त्यावर मांगाही काढली. पण बॅम्बीची आई मरते तेव्हा आपल्याला फक्त गोळीचा आवाज ऐकू येतो, कॅमेरा तिच्याकडे वळत नाही. शिवाय ‘बॅम्बी’ जपानमध्ये लागला १९५१ मध्ये, आणि तेझुकांचं ‘जंगल ताइतेइ’ १९५०लाच सुरू झालं होतं. पांढऱ्या सिंहाची ही गोष्ट. १९९४ मध्ये डिस्नेचा ‘द लायन किंग’ आल्यावर जपानच्या शेकडो चित्रकारांनी पत्र लिहून साम्याकडे लक्ष वेधलं, डिस्नेने ते फेटाळलं, तेझुकांची कंपनी कोर्टात गेली नाही. तो वाद बराच चघळून झालाय. मला त्यापेक्षा मूळ मांगाचा शेवट महत्त्वाचा वाटतो, जो फार कमी लोकांनी वाचलाय.

लिओ हा सिंह मोहिमेवर गेलेल्या माणसांबरोबर बर्फाळ डोंगरावर अडकतो. एकामागून एक सगळे मरतात. उरतात दोघे, लिओ आणि हिगे-ओयाजी हा मिशाळ म्हातारा. लिओला कळतं की थंडीत दोघांपैकी एकच खाली उतरू शकेल. तो म्हाताऱ्याला आपल्यावर हल्ला करायला भाग पाडतो, म्हणजे मांस खाता येईल आणि कातडं पांघरता येईल. तेझुकांनी तो गोल, मऊ, डिस्नेच्या शाळेत शिकलेल्या रेषेचा सिंह काढला, आणि त्याचं कातडं म्हाताऱ्याच्या खांद्यावर घातलं. डोंगर उतरल्यावर म्हाताऱ्याला लिओचा मुलगा भेटतो.